एकच जोड: पळायला आणि ओझे वाहायला

मुरबाड-शहापूरकडच्या बाजारपेठेत पादत्राणांचे दुकान चालविणाऱ्या आपल्या व्यापारी बंधूंना एक गिऱ्हाईक नेहमी भेटत असेल. वय अठरा ते पंचवीस. भल्या पहाटे तो डांबरी रस्त्याच्या कडेने पळतो, कारण त्याला पोलीस किंवा वनरक्षक भरतीचे ग्राउंड द्यायचे असते. दिवसा तो मुरबाडच्या एम.आय.डी.सी.त किंवा आसनगाव-वासिंदकडच्या एखाद्या गोदामात माल उचलतो. शनिवार-रविवार आला की शहरातून आलेल्या डोंगरवाल्यांच्या पिशव्या पाठीवर घेऊन नाणेघाट, गोरखगड किंवा माहुलीची वाट चढतो. तो दुकानात येतो आणि म्हणतो, ‘‘चाचा, एकच बूट द्या. पळायला पण चालला पाहिजे आणि वजन घेऊन चालायला पण.’’ दोन जोड घ्यायला त्याच्याजवळ पैसे नसतात.

आपण काय करतो? फळीवरचा सर्वांत जाड, सर्वांत फुगीर आणि सर्वांत रंगीत बूट काढून त्याच्यासमोर ठेवतो. ‘‘एकदम मऊ आहे, गादीवर चालल्यासारखं वाटेल’’ असे सांगतो आणि हजार-बाराशे रुपये गल्ल्यात टाकतो. प्रस्तुत लेखकाने हे काम पुष्कळ वर्षे केले आहे. माझे मत आज असे झाले आहे की, हा मुलगा मागतो तसा बूट असतो, तो फार महागही नसतो. आपल्याला तो ओळखता येत नाही, म्हणून आपण तो ठेवत नाही.

परदेशी बाजारात या बुटाला ‘झिरो ड्रॉप’ म्हणतात. नावाने बिचकून जाण्याचे कारण नाही. बुटात पाय घातला की टाच जमिनीपासून काही उंचीवर असते आणि चवडा काही उंचीवर असतो. या दोन उंचींमधला फरक म्हणजे ड्रॉप. पळण्याच्या नेहमीच्या बुटात हा फरक साधारण ८ ते १२ मिलिमीटर असतो. म्हणजे टाचेखाली जवळजवळ करंगळीच्या जाडीची पाचर ठोकलेली असते. झिरो ड्रॉपमध्ये ही पाचर नसते, टाच आणि चवडा एका पातळीत राहतात. एवढीच ती भानगड. पुष्कळ लोक सपाट म्हणजे पातळ असे समजतात, ती चूक आहे. सोल वीतभर जाड असला तरी दोन्हीकडे सारखा असेल तर तो झिरो ड्रॉपच, आणि कागदासारखा पातळ असूनही मागे चढ असेल तर तो नव्हे.

आता विचार केला तर आपल्या मुलखाने शेकडो वर्षे दुसरे काय घातले? गावच्या चांभाराने शिवलेली वहाण सपाट, कोल्हापुरी सपाट, ट्रकच्या जुन्या टायरची चप्पल तर सपाटच सपाट. नाणेघाट हा सातवाहनांच्या काळापासून कल्याण-सोपाऱ्याची बंदरे आणि जुन्नर यांना जोडणारा व्यापारी मार्ग. तेथे कोरलेला मोठा दगडी रांजण आजही उभा आहे आणि त्यात जकात टाकीत असे लोक सांगतात. त्या घाटातून पाठीवर-डोक्यावर माल घेऊन चढलेल्या माणसांच्या टाचेखाली कोणी पाचर ठोकली नव्हती. आपल्याच मागच्या पिढीतले फेरीवाले कापडाचे गाठोडे नाहीतर बांगड्यांची पेटी घेऊन डोळखांब, किन्हवली, टोकावडे, धसई या बाजूचे पाडे पायी फिरत, ते याच सपाट तळाच्या चपलांवर. जून २०२५ मध्ये इटलीच्या प्राडा कंपनीने मिलानच्या प्रदर्शनात कोल्हापुरीसारखी चप्पल मांडली तेव्हा आपल्याकडे केवढा गदारोळ झाला! पण चपलेच्या नक्षीइतकीच तिच्या तळाची सपाटी मोलाची आहे, हे कोणी बोलले नाही. असो.

मात्र जुने ते सगळे सोने, असेही मला म्हणायचे नाही. इथिओपियाचा अबेबे बिकिला १९६० साली रोमच्या ऑलिंपिक मॅरेथॉनमध्ये अनवाणी धावला आणि जिंकला. ही गोष्ट सगळे सांगतात. पण तोच बिकिला १९६४ साली टोकियोला बूट घालून धावला आणि पुन्हा जिंकला, हे कोणी सांगत नाही. आपल्या शेजारच्या नाशिक जिल्ह्यात हरसूलजवळच्या सावरपाड्याची कविता राऊत लहानपणी अनवाणी धावली. २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १० हजार मीटरमध्ये तिने कांस्यपदक आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्यपदक मिळविले, तेव्हा पायात बूट होते. अनवाण्या पायाने तळवे आणि पोटऱ्या घडवल्या असतील, पण शर्यतीला योग्य बूट लागलाच.

२०१० साली हार्वर्ड विद्यापीठाचे डॅनिएल लिबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, जन्मापासून अनवाणी धावणारी माणसे बहुधा चवड्यावर किंवा सपाट पाय टाकतात, आणि उंच टाचेच्या बुटात वाढलेली माणसे टाच आपटतात. त्या सुमारास अमेरिकेत सपाट बुटांची लाट आली. आल्ट्रासारखी कंपनी तर याच एका गोष्टीवर उभी राहिली. तिचे बूट भारतात दहा हजारांच्या पुढे पडतात, तेव्हा आपल्या गिऱ्हाईकाच्या दृष्टीने ते नसल्यासारखेच. लाटेत फेसही होता. पाच बोटांचे बूट विकणाऱ्या व्हायब्रम कंपनीने पाय बळकट होतो, इजा टळते असे दावे केले. लोक कोर्टात गेले आणि २०१४ साली कंपनीने ३७ लाख ५० हजार डॉलर देऊन तडजोड केली. आपण काउंटरवर जे तोंडाला येईल ते बोलतो, त्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

मग सपाट बूट दोन्ही कामांना का चालतो? पाठीवर वीस-पंचवीस किलोचे ओझे असले की माणसाचा तोल आधीच बदललेला असतो. अशा वेळी त्याला पायाखाली जमीन कळली पाहिजे. टाचेखालचा मऊ फोम ओझ्याने दबतो, आणि तो सगळीकडे सारखा दबत नाही. पाय ज्या बाजूला कलतो त्या बाजूला जास्त दबतो. मग घोटा मुरगळायला एक सुटा दगड पुरतो. शिवाय पाय जमिनीपासून जितका उंच, तितका तो मुरगळताना जोरात मुरगळतो. घाट उतरताना मागची पाचर पायाला पुढे ढकलते आणि बोटे टोकावर आपटून नखे काळी पडतात. माहुली उतरून आलेल्या पोरांची नखे पाहा म्हणजे कळेल. सपाट, जरा कडक आणि पुढून रुंद तळ असेल तर पाय पसरून बसतो आणि ओझे पूर्ण तळव्यावर जाते. पळताना तोच सपाटपणा पाऊल अंगाखाली पडायला मदत करतो. त्याने वेग वाढतो असे मी म्हणणार नाही. वेग सरावाने वाढतो.

याची किंमतही आहे. टाच खाली आली की गुडघ्यावरचा काही भार कमी होऊन तो पोटरीवर आणि टाचेमागच्या जाड शिरेवर जातो. खड्या चढावर ओझे घेऊन चढताना हे फार जाणवते. भार कुठे जात नाही, जागा बदलतो. हे न सांगता बूट विकणे म्हणजे ऐब झाकून माल विकणे आहे. आता माझी स्वतःची गोष्ट सांगतो.

मुरबाड तालुक्यातल्या एका पाड्यावरचा एक मुलगा माझ्याकडे असाच आला होता. वनरक्षक भरतीची तयारी करीत होता. या भरतीत पुरुषांना ५ किलोमीटर धावावे लागते आणि पुढे निवडीच्या टप्प्यावर ४ तासांत २५ किलोमीटर चालावेही लागते. पळणे आणि लांब चालणे दोन्ही एकाच नोकरीसाठी. जंगलात नोकरी लागल्यावर पाठीवर सामान आलेच. त्याला मी पहिल्यांदा फुगीर बूट दिला. सुट्टीच्या दिवशी पर्यटकांच्या पिशव्या घेऊन घाट उतरताना दोनदा त्याचा घोटा मुरगळला. चार महिन्यांत सोल बाहेरच्या बाजूने बसला. तो परत आला तोपर्यंत मी या विषयाचे थोडेफार वाचले होते आणि नव्या ज्ञानाचा उत्साह होता. मी त्याला पातळ सपाट बूट दिला आणि म्हणालो, ‘‘बाळा, आता हाच घाल, बाकी सगळं विसर.’’ ग्राउंडला तीन आठवडे राहिले होते. मी विचारलेच नाही.

त्याने माझा शब्द मानला. सकाळी त्याच बुटात ५ किलोमीटर, दिवसभर त्याच बुटात माल. अठराव्या दिवशी चवड्यावर सूज आली. डॉक्टरांनी सांगितले, हाडाला बारीक चीर आहे, सहा आठवडे पळणे बंद. ग्राउंड हुकले. तो दुकानात आला, बूट काउंटरवर ठेवला. पैसे परत मागितले नाहीत. म्हणाला, ‘‘चाचा, बूट चांगला आहे. पण हळूहळू घालायचा असतो, हे तुम्ही सांगितलं नाही.’’ मी पैसे परत देऊ केले तर घेतले नाहीत. भरती दरवर्षी निघत नाही आणि वय थांबत नाही, हे त्या घरातल्या सगळ्यांना माहीत होते. मला त्या दिवशी कळले.

नंतर वाचनात आले की २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात ३६ सरावलेले धावपटू घेतले होते. त्यांपैकी १९ जणांना दहा आठवड्यांत पाच बोटांच्या पातळ बुटांची सवय करायला लावली. त्यांतल्या १० जणांच्या पायाच्या हाडांत इजेची चिन्हे दिसली. आपल्या नेहमीच्या बुटात पळणाऱ्या दुसऱ्या गटात असे एकच माणूस निघाले. हे दहा आठवड्यांचे. मी तीन आठवडेही दिले नव्हते, आणि वर ओझे.

तेव्हापासून दुकानात मी आधी एकच प्रश्न विचारतो: ग्राउंड कधी आहे? दोन महिन्यांच्या आत असेल तर ज्या बुटात तू आजवर पळालास त्यातच पळ, असे सांगून मी त्याला परत पाठवितो. गिऱ्हाईक परत पाठविणे सोपे नाही. बाजूच्या दुकानात तो काहीतरी घेतोच. घेऊ द्या. वेळ असेल तर पहिले दोन-तीन आठवडे नुसते चालणे, तेही रिकाम्या पाठीने. मग थोडे पळणे, रोज नाही, एक दिवस आड. ओझे सर्वांत शेवटी. ज्या आठवड्यात पळणे वाढविले त्या आठवड्यात ओझे वाढवायचे नाही. पोटरी दुखली तर चालते, पण हाडावर एका जागी बोट ठेवून दुखत असेल तर थांबायचे. पाड्यावर अनवाणी किंवा सपाट चपलेत वाढलेला मुलगा लवकर सरावतो. गावात लहानपणापासून जाड टाचेचे बूट घातलेल्या मुलाला दुप्पट वेळ लागतो. आणि साखरेचा आजार असलेल्या माणसाला, म्हणजे दिवसभर गादीवर बसणाऱ्या आपल्यातल्या कित्येकांना, पातळ तळाचा बूट देऊच नये. पायाची जाणीव कमी झालेल्या माणसाला काटा रुतलेला कळत नाही.

आता माल ओळखण्याविषयी. बाहेरून बूट पाहून सपाट आहे की नाही हे कळत नाही. पुष्कळ बुटांच्या कडा वर उचललेल्या असतात आणि पाय आत खोल बसतो. उलट काही कॅनव्हासचे बूट बाहेरून सरळ दिसतात आणि आत टाचेखाली पाचर चिकटवलेली असते. आतली सुटी गादीसुद्धा मागे जाड, पुढे पातळ असू शकते. ती बाहेर काढून बोटाने दाबून पाहावी. मग एक बोट बुटाच्या आत आणि अंगठा बाहेरून सोलाखाली ठेवून टाचेची जाडी अजमावावी, तशीच चवड्याची. सवय झाली की दोन-तीन मिलिमीटरचा फरकही हाताला कळतो. पण खरा उपाय एकच आहे. ठोक माल घेताना प्रत्येक नव्या नमुन्याचा एक पाय रापीने उभा कापावा. मुंबईच्या ठक्करबाप्पा कॉलनीचा माल असो, आग्र्याचा असो की हरियाणातल्या बहादूरगडचा, कापल्यावर लपत नाही. एक जोड वाया गेला असे वाटते. मी तो अर्धा कापलेला बूट काउंटरवरच ठेवतो. गिऱ्हाईक आपल्या डोळ्यांनी पाहते आणि माझे निम्मे बोलणे वाचते.

सपाटीनंतर रुंदी. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने देशभरातल्या एक लाखाहून अधिक माणसांच्या पायांची मापे घेतली आणि आपल्या लोकांचे पाय परदेशी मापांच्या मानाने रुंद आहेत असा निष्कर्ष काढला. त्यावरून ‘भा’ नावाची भारतीय मापपद्धतीही सुचविली. ही गोष्ट आपल्याला काउंटरवर रोज दिसते. पाय रुंद, बूट अरुंद, म्हणून माणूस एक नंबर मोठा घेतो आणि फीत आवळतो. एका नंबरने बूट जवळजवळ साडेआठ मिलिमीटर लांब होतो, रुंदी मात्र नावाला वाढते. मग पाय आत पुढे-मागे सरकतो, आणि ओझे असेल तर फोड ठरलेले. यावर माझी रीत अशी आहे. आतली गादी काढून जमिनीवर ठेवायची, गिऱ्हाईकाला तिच्यावर उभे करायचे आणि त्याच्या पाठीवर त्याचीच भरलेली पिशवी द्यायची. ओझ्याने पाऊल पसरते आणि लांबतेही. गादीच्या बाहेर मांस आले तर तो बूट त्याचा नाही. पुढे अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा राहिली पाहिजे. हे संध्याकाळी करावे, सकाळचा पाय लहान असतो.

मुलींच्या बाबतीत तर आपण फारच निष्काळजी आहोत. पोलीस भरतीत मुलींना ८०० मीटर धावावे लागते. शहापूर तालुक्यात तानसा आणि भातसा ही मुंबईला पाणी पाजणारी धरणे आहेत, तरी उन्हाळ्यात कित्येक पाड्यांवरच्या बायका-मुली डोक्यावर हंडे घेऊन पायपीट करतात. धरण उशाला आणि कोरड घशाला. पळणे आणि ओझे वाहणे या दोन्ही गोष्टी एकाच अंगाने करणारे याहून खरे गिऱ्हाईक कोणते? आणि त्यांच्यासाठी आपल्या फळीवर काय असते? टोकाला निमुळता, गुलाबी, मुलांच्याच बुटाची अरुंद आवृत्ती. मी मुलींना सरळ मुलांच्या लहान नंबरचा रुंद बूट दाखवितो. पहिल्यांदा लाजतात, पाय घातला की घेतात.

सोल किती जाड असावा? हे मत माझे, शास्त्राचे नव्हे. आपल्या डोंगरात काळा खडक, मुरूम आणि बाभळीचा काटा आहे. चार-पाच मिलिमीटरच्या तळावर ओझे घेऊन चालणे म्हणजे तळव्याला शिक्षा. आणि तीस-पस्तीस मिलिमीटर झाला की सपाट असूनही तो डुलतो. मधला, साधारण पंधरा ते वीसच्या घरातला, अंगठ्याने दाबला तर दबेल पण रुतणार नाही असा तळ दोन्ही कामांना चालतो. बूट हातात घेऊन ओल्या फडक्यासारखा पिळून पाहावा. थोडा पिळला जावा, पण दोरीसारखा नको. वाकवला तर बोटांच्या मुळाशी वाकावा. मध्येच कंबरेत मोडत असेल तर ओझ्याखाली तो टिकणार नाही. खालच्या खाचा खोल असाव्यात, पण त्यात अंतर असावे, नाहीतर पावसाळ्यात खाचरातला चिखल अडकून तळ गुळगुळीत होतो. जाता जाता सांगतो, कबड्डीचे बूट सपाट असतात आणि ठाणे जिल्ह्यात सहज मिळतात. सुक्या मैदानावर पळायला ते मला आवडतात, पण ओल्या वाटेवर ते घसरतात. कॅनव्हासचे जुने पी.टी. बूट बहुतेक सपाट असतात, मात्र पुढून आवळतात आणि एकदा भिजले की दोन दिवस वाळत नाहीत.

कारागीर बंधूंसाठी यात खरा धंदा आहे, असे मला वाटते. साचात ओतलेल्या सोलाचे काही करता येत नाही. पण चिकटवलेल्या सोलाचा, वरचा भाग शाबूत असलेला बूट रोज दुरुस्तीला येतो. जुना तळ उपटून त्याखाली सगळीकडे सारख्या जाडीची रबरी शीट आणि तिच्याखाली खाचांची पट्टी बसविली, तर तोच बूट झिरो ड्रॉप होतो. सोल्युशनचे दोन हात द्यावेत. पहिला पुरता वाळल्याशिवाय दुसरा देऊ नये आणि वर बाजूने शिलाई मारावी. ओझेवाल्याचा बूट शिलाईशिवाय पावसात उघडतो. कुष्ठरुग्णांसाठी आणि साखरेच्या रुग्णांसाठी ज्या मऊ एम.सी.आर. रबराच्या चपला बनवितात, ते रबर आतल्या थराला चांगले, पण सगळा तळ त्याचाच केला तर तो लवकर बसतो. ज्यांच्याकडे स्वतःचे कलबूत आहे त्यांनी बोटांकडे रुंद असे एक कलबूत करून घ्यावे. अंगठ्याच्या बाजूने सरळ, टोकाला गोल. म्हशाच्या यात्रेत घोंगडी आणि बैल घ्यायला दूरदूरची माणसे येतात. अशा ठिकाणी पाल लावणाऱ्याने वहाणेच्या तळावर मागे टाचेला धरणारा पट्टा बसविलेले दहा-बारा जोड ठेवून पाहावेत. हंडा घेऊन चालणाऱ्या बाईच्या पायातून स्लिपर निसटते, पट्टा असला की निसटत नाही.

खरेदीच्या हिशेबाचेही दोन शब्द. २२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या जोडावर जी.एस.टी. ५ टक्के झाला आहे. आपला सगळा माल त्यातच बसतो. तेव्हा हजाराच्या आत बसविण्यासाठी हलका सोल घेण्याची जुनी सबब आता उरलेली नाही. पी.यू. सोलाचा माल मात्र साठवून ठेवू नये. आपल्याकडच्या दमट हवेत तो नुसता खोक्यात पडूनही काही वर्षांत भुगा होतो आणि गिऱ्हाईक पहिल्याच चालीत सोल हातात घेऊन परत येते. साठा करायचाच तर रबराचा किंवा ई.व्ही.ए.चा करावा.

माझ्या फळीवर आज सपाट बुटांचे दोनच नमुने आहेत, सहा ते दहा नंबरपर्यंत. त्यांची विक्री फुगीर बुटांच्या निम्मीही नाही, हे कबूल केले पाहिजे. पण ज्याने एकदा नेला त्याचा धाकटा भाऊ नाहीतर शेजारी येतो आणि येताना पाठीवर भरलेली पिशवी घेऊन येतो, कारण ‘चाचा वजनासकट माप घेतात’ असे त्याला सांगितलेले असते. तो पाड्यावरचा मुलगाही मध्यंतरी आला होता. पाय बरा झाला आहे, पुढच्या भरतीची वाट पाहतो आहे. त्याने काउंटरवरचा कापलेला बूट उलटसुलट करून पाहिला, टाचेशी आणि चवड्याशी बोटाने मोजला आणि मग आठ नंबरचा जोड मागितला. मी त्याला विचारले, ‘‘ग्राउंड कधी आहे?’’ तो हसला आणि म्हणाला, ‘‘जाहिरात पण निघाली नाही अजून. आजपासून चालायला लागतो.’’